अनशापोटी

प्रोलॅक्टिन तपासायला आलेल्या बाईला आमच्या लॅबमधले काका आधी अर्धा तास खुर्चीत बसवून ठेवायचे, आणि त्या अर्ध्या तासात सासूचा विषय काढायला बंदी असायची. नवऱ्याचा चालायचा, पण बेताने. बाई जिना चढून धापा टाकत आलेली असायची, त्याआधी रिक्षावाल्याशी हुज्जत घालून झालेली असायची. तिने बाही वर करून हात पुढे केला की काका हातातली सुई परत ट्रेमध्ये ठेवायचे आणि म्हणायचे, "बसा जरा. तुमचं रक्त आत्ता भांडतंय. त्याला शांत होऊ द्या, मग इचारू."

आमची लॅब क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर होती. खाली झेरॉक्सवाला आणि चहावाला, वर आम्ही. मी काउंटरवर बसायचे. नावं लिहायची, कोणत्या तपासणीला कसं यायचं याची चिठ्ठी द्यायची, फोन घ्यायचे, संध्याकाळी रिपोर्ट वाटायचे. लॅब डॉक्टर मॅडमची होती. त्या दहाला यायच्या आणि रिपोर्टवर सह्या करायच्या. त्याआधीचे तीन तास काकांचं राज्य असायचं.

एकदा एक सून प्रोलॅक्टिनसाठी आली ती थेट सासूलाच बरोबर घेऊन. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही, म्हणून डॉक्टरांनी ही तपासणी सांगितलेली. सासू शेजारच्या खुर्चीत बसून सगळ्या वेटिंग रूमला ऐकू जाईल अशा आवाजात तिची केस सांगत होती. काका तिच्यासमोर जाऊन अदबीने उभे राहिले. "आई, तुम्ही खाली जाऊन मस्त कट चहा घ्या. माझ्या नावावर सांगा. तुमच्या सुनेच्या पिट्युटरीला जरा एकांत पायजे."

"कोणाला?" सासूने विचारलं.

"पिट्युटरीला. डोक्यात असती. वाटाण्याएवढी. ती लाजती तुम्हाला."

सासू गेली खरी. कोणाच्या तरी लाजण्याची जबाबदारी आपल्यावर आहे हे तिला पटलं असावं. सून अर्धा तास खिडकीतून गल्ली बघत बसली. रिपोर्ट चांगला आला. आधी दुसरीकडे काढलेला वाढलेला होता म्हणे. माणूस घाबरला की हे हार्मोन चढतं, हे काका प्रत्येकीला सांगायचे. रिपोर्ट न्यायला आलेल्या दिवशी ती एकटीच आली होती आणि काकांसाठी तिने पाव किलो इमरती आणली होती.

काका सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेतून रिटायर झालेले. गाव कन्नडच्या पुढे, घाटाच्या तोंडाशी. तिथे भाऊ शेती बघायचा. काका शनिवारी दुपारच्या एसटीने गावी जायचे आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत यायचे. उंच, वाळलेले, अंगात कायम पांढरा लांब बाह्यांचा शर्ट. मनगटाची बटणं मे महिन्यातसुद्धा लावलेली असायची. दिवसभर दुसऱ्यांच्या बाह्या वर करणारा हा माणूस स्वतःची बाही कधी दुमडत नसे. मशीनच्या खोलीत जाताना चपला बाहेर काढायचे. रक्ताची नळी मुठीत धरून न्यायचे, चिमटीत नाही. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "घरातून पहिल्यांदाच बाहेर पडलंय ते. एकदम गार नळीत कसं वाटत असंल."

मला सुरुवातीला हा सगळा फाजीलपणा वाटायचा. मी बी.एस्सी. झालेली, कॉलेजात वक्तृत्वाचं दुसरं बक्षीस मिळवलेली, आणि या माणसाच्या तोंडी थायरॉईडला 'धाकटी' आणि पिट्युटरीला 'थोरली'. पण करमाडचे एक गुरुजी टीएसएच वाढल्याचा रिपोर्ट घेऊन तणतणत आले, तेव्हा मी काउंटरवरून त्यांना काही सांगू शकले नाही आणि काकांनी दोन मिनिटांत सांगितलं. गुरुजींचं म्हणणं होतं, की रिपोर्टात थायरॉईड वाढलंय आणि डॉक्टर म्हणतात कमी झालंय, म्हणजे दोघांपैकी एक जण गाढव आहे.

"दोघंबी शहाणे हायेत, गुरुजी," काका म्हणाले. "टीएसएच थायरॉईडचं नाय. ती थोरलीची चिठ्ठी हाय. डोक्यातली थोरली गळ्यातल्या धाकटीला चिठ्ठी पाठविती, काम कर म्हणून. धाकटी ऐकत नाय. मग थोरली परत लिहिती, जास्ती मोठ्या अक्षरात. तुमच्या रिपोर्टात वाढलंय ते अक्षर. धाकटी तर झोपलीय."

गुरुजींनी रिपोर्टाची घडी घातली. मग म्हणाले, "असं लिहीत का नाही मग तुम्ही?"

"मॅडम सही करणार नायत," काका म्हणाले.

चिठ्ठी हा त्यांचा शब्द होता. शरीरात आरडाओरडा चालत नाही, तिथे सगळा कारभार चिठ्ठीवर चालतो असं ते म्हणायचे. ग्रंथी चिठ्ठी लिहून रक्तात सोडते, आणि ज्याच्या नावाची असेल तो ती वाचून कामाला लागतो. कोणाचा रिपोर्ट विचित्र आला की काका मशीनला दोष द्यायचे नाहीत, पेशंटच्या शरीरालाही नाही. "ग्रंथी खोटं बोलत नाय," एवढं म्हणून ते फोन उचलायचे आणि पेशंटच्या घरी लावायचे. "काल कितीला झोपले? सकाळी तंबाखू मळली का? इकडं येताना कोणाशी भांडण?" त्यांच्या या चौकशीला बरेच लोक वैतागायचे. मी तर फारच वैतागायचे, कारण तेवढा वेळ काउंटरचा फोन अडकून पडायचा.

कॉर्टिसॉल म्हणजे सकाळी आठ. सव्वाआठ नाही. एक जण कन्नडहून जीपने साडेनऊला पोचला आणि हात पुढे करून बसला. काकांनी त्याला विचारलं, "कन्नडच्या बाजाराला तुम्ही दिवस मावळताना जाता का? काय मिळंल? पाला. हे हार्मोन तुमच्या आधी उठतं, आठाला त्याचा बाजार भरलेला असतो." तो माणूस चिडला, मॅडमकडे तक्रार करीन म्हणाला. काकांनी त्याला मॅडमचा नंबर दिला, आणि रात्री मुक्कामाला आपल्या खोलीची किल्लीही दिली. दुसऱ्या दिवशी आठला दोन मिनिटं कमी असताना दोघं बरोबरच जिना चढून आले.

आता माझ्या पराक्रमाकडे येते.

साखर तपासायला येणाऱ्या प्रत्येकाला काका सांगायचे, "उद्या अनशापोटी या." फोनवर, जिन्यात, एकदा तर खाली चहा पीत उभ्या असलेल्या माणसाला खिडकीतून. "अनशापोटी म्हणजे उठायचं, चूळ भरायची, पाणी प्यायचं, बस. चहा नाय, बिस्किट नाय, काहीच नाय." जुन्या चिठ्ठ्यांवरही तेच छापलेलं होतं, 'अनशापोटी येणे'. मला तो शब्द ऐकवत नसे. आमच्याकडे सिडकोतले, गारखेड्यातले शिकलेले लोक यायचे, त्यांना कसलं अनशापोटी. चिठ्ठ्या संपल्या आणि मॅडमनी नव्या छापून घ्यायचं काम माझ्यावर टाकलं, तेव्हा मी सगळा मजकूर नीटनेटका केला. 'तपासणीस येताना कृपया उपाशीपोटी यावे.' कृपया माझंच.

काकांनी नवी चिठ्ठी चष्मा कपाळावर सरकवून वाचली. "उपाशी कामून?"

"शुद्ध आहे काका. अनशापोटी आता कोण म्हणतं?"

"म्हणतात की."

"उपाशी सगळ्यांना कळतं."

"तेच तर," काका म्हणाले. "लई कळतं ते." आणि चपला काढून मशीनच्या खोलीत गेले.

मला वाटलं, म्हाताऱ्याला राग आला. त्या दिवसापासून ते सकाळी आणखी पंधरा मिनिटं लवकर यायला लागले, तेही मी रागाच्याच खात्यात टाकलं. त्यांच्या बोटांना जांभळे डाग दिसायचे, पण लॅबमध्ये जंतू रंगवायला जांभळा रंग असतोच, त्यामुळे त्याचं मला काही वाटलं नाही.

घरात आम्ही दोघीच, आई आणि मी. बाबा मी शाळेत असतानाच गेले. आईला चार वर्षांपासून मधुमेह होता. एक गोळी चालू होती आणि तिचं सगळं बरं चाललेलं होतं. दर दोन महिन्यांनी साखर बघायची असं तिच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी लॅबमध्ये लागले तशी ती तपासणी आमच्याकडेच करायची ठरली. पहिल्याच वेळी मी तिला म्हटलं, "आई, गुरुवारी ये. उपाशी ये गं."

"गुरुवारी माझा उपास असतोच की," आई म्हणाली.

"मग तर बरंच झालं."

ती गुरुवारी नवाच्या सुमाराला यायची, माझा डबा घेऊनच. एका खेपेत दोन कामं. त्या वेळी काका आत मशीनवर असायचे आणि बाहेर रक्त घ्यायला दुसरी मुलगी असायची. मी आईला रांगेत न बसवता सरळ तिच्याकडे न्यायचे. काकांच्या चौकशीतून घरच्या माणसाला तरी सोडवावं, एवढाच विचार. काकांकडे जायची ती फक्त नळी.

साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी गोळी वाढवली. दोन महिन्यांनी पुन्हा वाढलेलीच. डॉक्टर म्हणाले, खाणं आवरा, आणि गोळी आणखी वाढवली. आईने खाणं आवरलं. भात सोडला, एक पोळी कमी केली, चहातली साखर बंद केली. रोज घरी मी तिच्या ताटावर पहारा ठेवायचे. तरी तिसऱ्या वेळी साखर तेवढीच. मी तिच्यावर वैतागले. तू चोरून खातेस असं तोंडावर म्हणाले. हे आज लिहितानाही मला नको वाटतं.

त्याच काळात आईचा स्वभाव बदलला. जेवणाआधी तिचे हात कापायला लागायचे, कपाळावर घाम यायचा, आणि ती वाटेल ते बोलायची. एका रविवारी तिने माझ्यावर तिचा चष्मा लपवल्याचा आळ घेतला. चष्मा तिच्या डोळ्यांवर होता. जेवल्यावर तीच हसली आणि म्हणाली, मला काय झालं होतं कोण जाणे. मला वाटलं, वय झालं.

मग एका सोमवारी दुपारी बाराला शेजारच्या काकूंचा लॅबमध्ये फोन आला. आई स्वयंपाकघरात पडलेली सापडली होती. हाका मारल्या तर डोळे उघडत होती, पण ओळखत नव्हती. मी पोचले तोवर काकूंनी तिला मांडीवर घेऊन बशीने गोड चहा पाजला होता आणि ती उठून बसली होती, घामाने भिजलेली. डॉक्टरांकडे नेलं तेव्हा साखर चांगली वर होती, चहाने. चक्कर का आली ते कळेना. डॉक्टरांनी हृदयाची पट्टी काढली आणि गुरुवारी उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी अशा दोन्ही करून आणायला सांगितल्या. म्हणाले, "साखर अशीच असेल तर शुक्रवारपासून इन्सुलिन सुरू करू. गोळ्यांनी ऐकत नाहीये."

त्या तीन दिवसांत मी इन्सुलिनचं इंजेक्शन कसं द्यायचं ते काकांकडून शिकून घेतलं. घरात आम्ही दोघीच, मी दिवसभर लॅबमध्ये, आणि ती पुन्हा पडली तर शेजारच्या काकू घरी असतीलच असं नाही. ही एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. काकांनी शिकवलं, पण मान हलवत होते. "चार वर्षं एका गोळीवर गप असलेली साखर एकाएकी बंड कामून करंल," असं दोनदा म्हणाले.

गुरुवारी आई नेहमीप्रमाणे आली, रक्त देऊन, डबा ठेवून गेली. दीडच्या सुमाराला मी काउंटरवरच डबा उघडला. तेवढ्यात काका आतून आले. हातात आईचे दोन्ही रिपोर्ट, मॅडमच्या सहीला न पाठवलेले.

"ह्या दोन चिठ्ठ्या एका माणसाच्या नायत," ते म्हणाले. "ही म्हणती आज साखर दोनशे चाळीस. ही म्हणती तीन महिने साखर कमीच होती, पाहिजे त्याच्याहून कमी. नळी बदलली का, बघून आलो. नाय बदलली."

मी घास तोंडात घेऊन त्यांच्याकडे बघत होते. ते रिपोर्टकडे बघत नव्हते. माझ्या डब्याकडे बघत होते.

"हे काय?"

"खिचडी. साबुदाण्याची. आज गुरुवार ना."

"कोणी केली?"

"आईनं."

"किती वाजता?"

"सकाळी. इकडे यायच्या आधी."

"आन् तिनं कधी खाल्ली?"

"तिनं कशाला—" मी म्हणाले, आणि पुढचं वाक्य तयारच होतं, तिचा उपास आहे. ते तोंडातून बाहेर पडायच्या आधी मला ते ऐकू आलं.

डबा तसाच बाजूला सारला. मी फोन लावला. आईला विचारलं, आज सकाळी काय खाल्लंस. "खाईन कशाला, उपास आहे," आई म्हणाली. "वाटीभर खिचडी खाल्ली आणि दोन केळी, बस. चक्कर आली होती ना, म्हणून जरा वाटी भरून घेतली. तूच म्हणालीस उपाशी ये." मागच्या वेळी? मागच्या वेळी रताळ्याचा कीस होता. त्याच्या आधी भगर आणि शेंगदाण्याची आमटी. गेले सहा महिने माझी आई तपासणीला येताना उपास पाळून, पोटभर खाऊन येत होती, कारण तिच्या लेकीने तिला तसंच सांगितलं होतं.

काकांनी फोन माझ्या हातातून घेतला. "ताई, मी लॅबमधून बोलतोय. आत्ता काय खाल्लंय? ... नाय, दुपारचं. ... मग आधी उठा आन् खा. व्हय, उपासाचंच खा, पण आत्ता खा. कापरं भरलं, घाम आला, तर पहिले साखर तोंडात टाका, मग बाकीचं. रात्रीबी जेवा. आन् उद्या सकाळी सातला या. अनशापोटी. ... हां. बरोबर. काहीच नाय. गोळी घेऊ नका, संगं आणा." अनशापोटी म्हणजे काय, हे आईने विचारलं नाही. आजोळच्या घरी ती हा शब्द लहानपणापासून ऐकत आली होती. तो आता कोणी म्हणत नाही असं समजणारी घरात एकटी मीच होते.

फोन ठेवून काका माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले. ते काउंटरपाशी कधी बसत नसत.

"गोळी काय करती सांगू का," ते म्हणाले. "पोटात मागं स्वादुपिंड असतं, त्याच्या दारावर जाऊन हाका मारती. इन्सुलिन सोड, इन्सुलिन सोड. ते बिचारं हुकमाचं, सोडतंय. तुम्ही गोळी वाढविली, हाका वाढल्या. जेवण कमी केलं, साखर खाली गेली. आन् साखर लई खाली गेली का किडनीवरच्या टोप्या जाग्या होतात. ॲड्रिनल. त्या चिठ्ठ्या टाकतात. घाम, कापरं, धडधड. तुझ्या आईच्या टोप्या दोन-तीन महिने चिठ्ठ्या टाकत्यात, पोरी. तुमच्या घरात कोणी वाचल्या नाय."

मी वाचल्या होत्या. त्यावर वय, स्वभाव आणि चोरून खाणं असं लिहून ठेवलं होतं.

"आणि उद्यापासून इन्सुलिन सुरू केलं असतं तर," मी म्हणाले. काकांनी माझ्या डब्याचं झाकण लावलं.

शुक्रवारी सकाळी सातला आई आली. काकांनी तिला बसवलं, विचारायचं ते सगळं विचारलं, आणि स्वतः रक्त घेतलं. नळी मुठीत धरून आत गेले. आईने लगेच तिथेच माझ्या डब्यातली पोळी-भाजी खाल्ली. मी काउंटरवर तीन फोन घेतले आणि तिन्ही चुकीचे लिहून घेतले. मग काका बाहेर आले. रिपोर्ट टाईप व्हायची वाट न बघता, चपला न घालताच आले.

"ब्याऐंशी," ते म्हणाले.

मी त्यांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी तेच सांगितलं. मग मी काउंटरच्या मागे खाली बसले आणि रडले. वेटिंग रूममधल्या लोकांना वाटलं असणार, हिच्या घरी काहीतरी वाईट झालं. एका म्हाताऱ्या बाईंनी वाकून विचारलं, "क्या हुआ बेटा?" काका त्यांना म्हणाले, "कुछ नै अम्मा, अच्छा हुआ." आई वाटीतली भाजी पुसून खात होती. तिचं म्हणणं एवढंच होतं, की मग उगाच भात कशाला सोडला चार महिने.

तिच्या डॉक्टरांनी दोन्ही दिवसांचे रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले आणि गोळी पुन्हा पहिल्यासारखी एकच केली. मला वाटलं होतं रागावतील. म्हणाले, "मीही कधी विचारलं नाही, काय खाऊन आलात म्हणून." महिनाभरात आईचे हात कापायचे थांबले. चष्मा सापडेना, तर ती आधी स्वतःचे डोळे चाचपून बघायला लागली.

पण त्या शुक्रवारचं अजून सांगायचंय. रडणं आवरल्यावर मला दुसरंच सुचलं. चिठ्ठ्या. सहा महिने मी 'उपाशीपोटी' छापलेल्या चिठ्ठ्या वाटत होते. शहरात गुरुवार करणारी, चतुर्थी करणारी, एकादशी करणारी माझी आई एकटीच नव्हती. किती जण खिचडी खाऊन आले असतील, कितींच्या गोळ्या वाढल्या असतील. मी उठून मॅडमच्या खोलीकडे निघाले, सगळं सांगून टाकायला.

काका दारात आडवे आले. "कुठं?"

मी सांगितलं. त्यांनी काउंटरवरच्या गठ्ठ्यातली वरची चिठ्ठी उचलली आणि उलटी करून माझ्या हातात दिली. मागे जांभळ्या शाईचा शिक्का होता. त्यावर तीन ओळी होत्या. 'अनशापोटी येणे. चहा नाही. उपासाचे पण काही नाही.' मी दुसरी चिठ्ठी उलटी केली. तिच्यामागेही होता. सगळा गठ्ठा उलटा केला. प्रत्येकीच्या मागे, एकही सुटली नव्हती. मी सहा महिने या चिठ्ठ्या हाताने वाटत होते आणि एकदाही मागे काय आहे ते बघितलं नव्हतं.

"हे कधी?"

"सकाळचं. तू यायच्या आधी."

"मला सांगायचं ना काका."

"सांगितलं की. लई कळतं ते, म्हटलं होतं. तुला शुद्ध पायजे होतं. तुला समजावीत बसण्यापरीस शिक्का सोपा." मग त्यांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा सुलटा करून ठेवला. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. "सगळ्यांना चिठ्ठी गेली. आईला तेवढं तू तोंडी सांगितलंस."

मॅडमना मी तरीही सांगितलं. त्यांनी नव्या चिठ्ठ्या छापायला सांगितल्या, आणि या वेळी शिक्क्यातल्या तिन्ही ओळी मी पुढच्या बाजूलाच छापून घेतल्या.

वर्षभराने काका गुडघे दुखतात म्हणून गावी गेले ते तिकडचेच झाले. निरोप समारंभ नको म्हणाले, हारही घेतला नाही. जाताना तो शिक्का माझ्या टेबलाच्या खणात ठेवून गेले, शाईच्या डबीसकट. मी पुढे लॅबचा डिप्लोमा केला. आता रक्त मीच घेते, आणि पेशंटला इतके प्रश्न विचारते की काउंटरवरची मुलगी वैतागते. आईचा गुरुवार अजून चालू आहे. तपासणी मात्र आम्ही शुक्रवारी करतो.

गेल्या महिन्यात काकांचा फोन आला. कन्नडच्या डॉक्टरांनी थायरॉईड आणि साखर बघायला सांगितली होती. "थोरली वरडायलीय म्हणतात," ते म्हणाले. "तुझ्याकडंच येतो. कसं येऊ?"

"अनशापोटी."

"म्हणजे?"

"चूळ भरायची, पाणी प्यायचं, बस."

"आन् उपास असला तर?"

"तरी काही नाही."

"हां," ते म्हणाले. "आता देतो रक्त."

पहाटेच्या गाडीने आले. शर्ट तोच, पांढरा, केसही आता शर्टाएवढेच पांढरे. काउंटरवरच्या मुलीने दिलेली चिठ्ठी त्यांनी घेतली आणि सगळ्यात आधी उलटी केली. मागे कोरी होती. मग सुलटी करून वाचली, घडी केली आणि खिशात ठेवली. आई त्यांच्या आधीच येऊन बसली होती, खिचडीचा डबा घेऊन. त्यांनी डब्याकडे बघितलं तशी तिने झाकणावर हात ठेवला. "आधी सुई," आई म्हणाली. काका व्हय म्हणाले आणि खुर्चीत बसून त्यांनी मनगटाचं बटण काढलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांची बाही वर गेलेली बघितली. हात अगदी बारीक झाला होता. शीर सापडत होती, पण माझीच सुई थरथरायला लागली.

काकांनी दुसऱ्या हाताने माझा हात धरला आणि सुई ट्रेमध्ये ठेवायला लावली.

"बस जरा," ते म्हणाले. "तुझं रक्त भांडतंय. आधी त्याला शांत होऊ दे."

मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले.